बीटच्या शेतातून बाहेर कोण पडले?

आरक्षणावर वाद सुरू झाला की एक वाक्य हमखास कानावर येते. "जगात कितीतरी समाजांनी हालअपेष्टा सोसल्या, पण ते सरकारपुढे हात न पसरता मेहनतीने वर आले. तुम्हालाच काय झाले?" हे बोलणारा मग ज्यूंचे उदाहरण देतो, आयरिश लोकांचे देतो. अमेरिकेत अशाच तऱ्हेने सांगितली जाणारी आणखी एक कहाणी आहे, जी आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नाही. ती जर्मन-रशियन कुटुंबांची. गाठोडे घेऊन आली, साखरबीटच्या शेतात गुडघ्यांवर रांगली, आणि एका-दोन पिढ्यांत त्याच शेतांची मालक झाली.

ही कहाणी खोटी नाही. त्यांचे हाल खरे होते आणि त्यांची मेहनतही खरी होती. म्हणूनच ती अर्धी न सांगता पूर्ण सांगायला हवी. साखर आणि स्थलांतरित कुटुंब हे नाते महाराष्ट्राला काही नवे नाही, त्यामुळे आपल्याला ती लवकर समजेल.

आधी "जर्मन-रशियन" म्हणजे कोण ते पाहू. 1763 साली रशियाची सम्राज्ञी कॅथरीन दुसरी हिने एक जाहीरनामा काढून परदेशी लोकांना रशियात वस्तीसाठी बोलावले. ती स्वतः जन्माने जर्मन. जर्मन प्रदेशांत तेव्हा सात वर्षांच्या युद्धाने लोक पिचलेले होते. व्होल्गा नदीकाठी साराटोव्ह शहराच्या आसपास पुढच्या चार-पाच वर्षांत अशा सुमारे शंभर वसाहती उभ्या राहिल्या. त्यांना काय मिळाले? जमीन, 30 वर्षे करमाफी, आपला धर्म पाळण्याची मोकळीक, गावचा कारभार स्वतः पाहण्याचा अधिकार आणि सैन्यभरतीतून कायमची सूट. त्याच वेळी शेजारचा रशियन शेतकरी भूदास होता. जमिनीसकट त्याची खरेदी-विक्री होत होती, आणि त्याची सुटका व्हायला 1861 उजाडावे लागले. म्हणजे या समाजाची सुरुवातच मुळी राज्यसत्तेने दिलेल्या, जन्माने पुढच्या पिढीकडे जाणाऱ्या खास सवलतींतून झाली. "हात न पसरता" म्हणणाऱ्यांनी हे पहिले पान सहसा वाचलेले नसते.

शंभर वर्षांनी सवलती गेल्या. 1871 मध्ये वसाहतवाल्यांचा खास दर्जा काढून घेतला गेला आणि 1874 पासून त्यांच्या मुलांनाही सैन्यभरती लागू झाली. व्होल्गाकाठी जमीन गावाच्या सामाईक मालकीची असे आणि माणशी वाटून दिली जाई. लोकसंख्या वाढली तसा माणशी तुकडा लहान होत गेला. 1891-92 च्या दुष्काळाने उरलासुरला जीव काढला. 1870 च्या दशकात जे आधी निघाले त्यांना कॅन्सस, नेब्रास्का, डाकोटा या भागांत सरकारी किंवा रेल्वे कंपन्यांकडची स्वस्त जमीन मिळाली आणि ते गव्हाचे शेतकरी झाले. जे उशिरा, हात रिकामे झाल्यावर आले, त्यांच्या वाट्याला बीट आले.

आता हे पीक समजून घेऊ, कारण सगळी गोम त्यातच आहे. साखरबीट म्हणजे आपल्या कोशिंबिरीतले लाल बीट नव्हे. ते पांढरट, मुळ्यासारखे जाड मूळ असते आणि त्याच्यापासून साखर काढतात. त्या काळच्या बियाण्याची एक खोड होती. एका बीजगुच्छातून एक नव्हे, चार-पाच रोपे एकत्र उगवत. ती तशीच राहिली तर एकही मूळ पोसत नाही. म्हणून मोठ्या माणसाने पुढे आखूड दांड्याच्या खुरप्याने ओळीतले झुबके तोडत जायचे आणि मागून लहान मुलांनी गुडघ्यांवर रांगत प्रत्येक झुबक्यातले एकच सशक्त रोप ठेवून बाकीची बोटांनी उपटायची. हे काम यंत्राने होत नव्हते. त्याला बारीक बोटे आणि जमिनीजवळचे शरीर लागायचे. मे-जूनमध्ये ही विरळणी, मग दोन-तीन वेळा खुरपणी, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढणी. काढणीत बीट दोन्ही हातांनी उचलायचे, एकमेकांवर आपटून माती झाडायची आणि टोकाला आकडा असलेल्या जड सुऱ्याने त्याचा पाला छाटायचा. आकड्याने बीट टोचून उचलायचे, गुडघ्याशी धरायचे, घाव घालायचा. सकाळी पाल्यावर बर्फ साचलेला असे. सुरा घसरला की गुडघा किंवा बोट गेले. एकरी दहा-बारा टन माल निघे आणि एका मजुराकडे साधारण दहा एकर असत. म्हणजे हंगामात शंभर टनांच्या आसपास ओझे एका माणसाच्या हातांखालून जाई, आणि त्या "माणसा"त नऊ-दहा वर्षांचे मूलही धरलेले असे.

अमेरिकेत हा धंदा वाढला तो बाजाराच्या जोरावर नव्हे. 1897 च्या डिंगली कायद्याने परदेशी साखरेवर जबर आयातकर बसवला. मग कोलोरॅडोत कारखान्यांची रांगच लागली. 1899 ला ग्रँड जंक्शन, 1901 ला लव्हलँड, 1902 ला ग्रीली, त्यानंतर लगेच फोर्ट कॉलिन्स आणि लाँगमाँट. 1905 मध्ये यातले उत्तर कोलोरॅडोचे कारखाने ग्रेट वेस्टर्न शुगर कंपनीत एकत्र आले. पैसा न्यूयॉर्कच्या साखरसम्राट हेन्री हॅवमायरचा. पश्चिम नेब्रास्कात पाणी आणले ते 1902 च्या सरकारी सिंचन कायद्याने. नॉर्थ प्लॅट नदीवरचे पाथफाइंडर धरण 1909 मध्ये पुरे झाले आणि 1910 मध्ये स्कॉट्सब्लफचा कारखाना सुरू झाला. आणि जमीन? ती शायेन आणि अरापाहो या आदिवासींची. 1864 मध्ये सँड क्रीकला त्यांच्या छावणीवर सैनिकांनी हल्ला करून बायका-मुलांसह कत्तल केली आणि पुढच्या काही वर्षांत त्यांना कोलोरॅडोच्या मैदानातून हुसकून लावले. आयातकर सरकारचा, धरण सरकारचे, जमीन सैन्याने मोकळी करून दिलेली. याला "स्वबळावर" म्हणायचे असेल तर म्हणा.

एक गोष्ट मात्र सरकारने दिली नव्हती: स्वस्त हात. ते कंपनीने शोधले. नेब्रास्काच्या लिंकन शहरात नदीकाठच्या सखल भागात, नॉर्थ बॉटम्स आणि साउथ बॉटम्स या वस्त्यांत, व्होल्गाकडची हजारो माणसे राहत होती. दर वसंतात कंपनीचे दलाल तिथे जात आणि आगगाड्या भरभरून कुटुंबे पश्चिमेला पाठवत. भांडीकुंडी, अंथरूण, तान्ही मुले सगळे बरोबर. थंडी पडली की परत. 1909 च्या सुमारास उत्तर कोलोरॅडोच्या बीट मजुरांत याच समाजाचे लोक बहुसंख्य होते.

कंपनीला एकटा मजूर नको होता, कुटुंब हवे होते. करार एकरावर होई, डोक्यावर नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या वर्षांत एकरी साधारण 18 ते 20 डॉलर दर होता. सही बापाची. बायको आणि मुलांचे नाव कागदावर कुठेच नाही, पण किती एकर मिळणार हे मात्र त्यांच्यावरच ठरणार. "कामाचे हात" किती, हा पहिला प्रश्न. जास्त मुले म्हणजे जास्त एकर. पैसेही एकदम मिळत नसत, विरळणीनंतर थोडे, खुरपणीनंतर थोडे आणि मोठा हिस्सा काढणी संपल्यावर. तोवर वाण्याची उधारी. मध्येच काम सोडले तर आधीचे श्रमही पाण्यात.

जबाबदारीची साखळीही नीट पाहून घ्या. कारखाना म्हणे, आमचा करार बागायतदाराशी, आम्ही कोणत्याही मुलाला कामावर ठेवलेले नाही. बागायतदार म्हणे, माझा करार बापाशी, तो कोणाला शेतात आणतो ते मी कसे सांगणार? शेवटी दोषी कोण? बाप. "हे लोक लोभी आहेत, पोरांना जुंपतात", हे त्या भागातल्या प्रतिष्ठितांचे लाडके मत होते. त्याच तोंडाने ते असेही म्हणत की यांच्यात मोठी कुटुंबे असतातच, रशियातही बायका-मुले शेतात राबायची, त्यांना सवयच आहे. शोषण करणारा नेहमी दोन गोष्टी एकदम बोलतो: हे लोक असे आहेत म्हणून वाईट आहेत, आणि हे लोक असे आहेत म्हणूनच या कामाला योग्य आहेत. आपल्या पूर्वजांच्या पारंपरिक कामांबद्दल हेच बोलले गेले नाही का?

राहायला शेताच्या कडेला एक-दोन खोल्यांची खोपी. त्यात आठ-दहा माणसे. पाणी बऱ्याचदा पाटाचे. विरळणीच्या दिवसांत उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम. तान्हे मूल पेटीत किंवा गाडीच्या सावलीत ठेवून आई ओळीला लागे आणि सगळे घरी परतले की तिचा दुसरा दिवस सुरू होई: स्वयंपाक, धुणे, दुसऱ्या दिवसाचा पाव. 1923 मध्ये अमेरिकेच्या सरकारी बालक कार्यालयाने कोलोरॅडो आणि मिशिगनच्या बीट शेतांवर अहवाल काढला तेव्हा त्याच्या शीर्षकातच बालमजुरीबरोबर आयांच्या कामाचा उल्लेख होता. मूल आणि आई ही वेगळी प्रकरणे नाहीत हे त्या बायांना, म्हणजे पाहणी करणाऱ्यांना, कळले होते.

शाळेचे काय? मुले नोव्हेंबरमध्ये पटावर येत आणि वसंतात गळत. काही ठिकाणी तर शाळाच काढणीसाठी बंद ठेवत, त्याला "बीटची सुट्टी" असे गोंडस नाव होते. बारा-तेरा वर्षांची मुले सात-आठ वर्षांच्या मुलांच्या वर्गात अंग चोरून बसत. गावची पोरे त्यांना "घाणेरडे रशियन" म्हणत, जर्मन बोलणाऱ्या मुलांना! फोर्ट कॉलिन्समध्ये नदीपलीकडे त्यांची वस्ती होती, तिला गावकरी "जंगल" म्हणत. 1915 मध्ये लुईस हाइन हा छायाचित्रकार राष्ट्रीय बालमजुरी समितीसाठी कोलोरॅडो आणि नेब्रास्कात फिरला. त्याच्या फोटोंत हातात आपल्या अर्ध्या हाताएवढा सुरा घेतलेली सहा-सात वर्षांची मुले आजही दिसतात. (त्याच वर्षी बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. या समितीचे मुख्यालय त्याच शहरात होते.)

फोटो निघाले, अहवाल निघाले, पण कायदा शेताच्या बांधावर येऊन थांबला. 1916 चा पहिला केंद्रीय बालमजुरी कायदा कारखाने आणि खाणींपुरता होता. शेती त्यात नव्हतीच, आणि तोही 1918 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. बीट शेतांतली बालमजुरी कायद्याने धरली जायला 1934 आणि मग 1937 चा साखर कायदा यावा लागला. 14 वर्षांखालील मुलांना बंदी, 14 ते 16 वयाला आठ तासांची मर्यादा, आणि हे पाळले नाही तर शेतकऱ्याच्या सरकारी अनुदानाला कात्री. पण त्यात एक पोटकलम होते. पिकात निदान 40 टक्के मालकी असलेल्याच्या स्वतःच्या मुलांना हे नियम लागू नाहीत. या पोटकलमाकडे आपण पुन्हा येऊ.

आता प्रश्न असा की हे लोक बाहेर कसे पडले? लिंकनच्या विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञ हॅटी प्लम विल्यम्स यांनी शेजारच्याच या वस्तीचा वर्षानुवर्षे अभ्यास करून 1916 मध्ये तो प्रसिद्ध केला. त्या काळात आपल्या गल्लीतल्या मजुरांना अभ्यासाचा विषय मानणारी माणसे थोडी होती. बाहेर पडण्याची वाट साधारण अशी: काही वर्षे मजुरी, सगळ्या कुटुंबाचा पैसा बापाच्या एका गाठीत, मग खंडाने जमीन, मग बँकेचे कर्ज, मग स्वतःचे शेत. कंपनीलाही हे हवेच होते, कारण तिला बीट पिकवणारे शेतकरी लागत. 1920 आणि 30 च्या दशकांत दक्षिण प्लॅटच्या खोऱ्यात यांतले कितीतरी जण मालक झालेले होते.

या शिडीच्या पायऱ्या मुलांच्या गुडघ्यांच्या होत्या, हे पहिले. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे शिडीच्या वरच्या टोकाला दरवाजा उघडा होता. 1790 पासूनच्या अमेरिकन कायद्यानुसार स्थलांतरितांपैकी "गोऱ्या" माणसाला नागरिकत्व मिळे, आणि हे लोक कितीही "घाणेरडे" म्हटले गेले तरी कायद्याच्या लेखी गोरे होते. बँकेत, कचेरीत, चर्चमध्ये, लग्नसंबंधात त्यांची पुढची पिढी नाव आणि उच्चार थोडे बदलून मिसळून जाऊ शकत होती. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणून त्यांच्यावर संशयाचे दिवस आले. 1919 मध्ये नेब्रास्काने शाळांत लहान मुलांना परकी भाषा शिकवायला बंदी केली, पण 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उठवली. म्हणजे त्यांच्यावरचा कलंक पुसला जाण्यासारखा होता.

त्याच शेतात त्यांच्या बरोबरीने जपानी मजूरही होते. त्यांना नागरिकत्व नाही. 1922 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पक्के केले. पुढच्याच वर्षी भगतसिंग थिंड हे पंजाबी गृहस्थ त्याच न्यायालयात गेले. त्यांची बाजू काय होती? आम्ही उच्चजातीय, आर्य, म्हणून गोरे. जातीच्या कडक बंधनांनी आमचे रक्त शुद्ध राहिले आहे. भारतातली जात अमेरिकेत गोरेपणाचा दाखला म्हणून पुढे केली गेली! न्यायालयाने तो फेटाळला. पण दोन उतरंडी एकमेकींना किती चटकन ओळखतात, ते या खटल्यात दिसले.

युद्धामुळे आणि नंतर 1921 व 1924 च्या कोटा कायद्यांमुळे युरोपातून येणारे मजूर आटले. मेक्सिको कोट्याबाहेर होता. मग कंपनीने तिकडून माणसे आणली. तीच खोपी, तोच आखूड दांड्याचा खुरपा, तोच एकरी करार. आणि कित्येक ठिकाणी शेताचा मालक आता कालचा जर्मन-रशियन मजूर. 40 टक्क्यांचे पोटकलम आठवा: ज्याची मालकी झाली त्याच्या मुलांचे काम आता "घरची मदत" होते. मेक्सिकन कुटुंबांची मेहनत कमी होती का? पण त्यांच्यासाठी शिडीचे वरचे टोक भिंतीला टेकलेले होते. हॉटेलांच्या दारांवर त्यांना मनाईच्या पाट्या लागत. मंदी आली तेव्हा त्यांना गाड्यांत भरून परत पाठवले गेले. 1936 च्या एप्रिलमध्ये कोलोरॅडोचे गव्हर्नर एड जॉन्सन यांनी न्यू मेक्सिकोच्या सीमेवर चक्क सैनिक उभे केले, आणि परत फिरवलेल्यांत न्यू मेक्सिकोत जन्मलेले अमेरिकन नागरिकही होते. व्होल्गाकडून आलेल्याला तीस वर्षांत जे मिळाले ते याच मातीत जन्मलेल्याला नाही.

मजुरांची एकजूट का झाली नाही, असा प्रश्न डावे मित्र विचारतील. झाली होती. 1903 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डला जपानी आणि मेक्सिकन बीट मजुरांनी एकत्र संघटना बांधून संप केला आणि जिंकला. मग त्यांनी राष्ट्रीय कामगार महासंघाकडे मान्यता मागितली. अध्यक्ष सॅम्युअल गॉम्पर्स यांनी अट घातली: चिनी-जपानी सभासद घ्यायचे नाहीत. मेक्सिकन सचिव लिझारास यांनी अशी मान्यता नाकारली. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून विटाळ, आणि लाल बावट्याला तो प्रश्न संपाच्या मागण्यांत घ्यायचा नव्हता. बाबासाहेबांनी तो घ्यायला लावला. 1938 मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे त्यांनी भांडवलशाहीबरोबर ब्राह्मणशाहीलाही कामगारांचा शत्रू का म्हटले, ते ऑक्सनार्डच्या त्या मजुरांना समजावून सांगावे लागले नसते.

बीटमधली विरळणी अखेर कमी झाली ती दयेने नव्हे. 1948 मध्ये ओरेगनमध्ये सवित्स्की या, युक्रेनमधून आलेल्या शास्त्रज्ञाला एका बीजातून एकच रोप येणारी झाडे सापडली. त्यावरून नवे बियाणे तयार झाले आणि मुलांची बारीक बोटे धंद्याला नकोशी झाली.

आपल्या उसाला असे बियाणे सापडलेले नाही. दसरा-दिवाळीनंतर बीड आणि मराठवाड्यातून निघणाऱ्या टोळ्यांत वंजारी, बंजारा, मातंग, बौद्ध, भिल्ल, गरीब मराठा सगळे आहेत. उचल मुकादमाकडून, करार "कोयत्या"चा, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. तिकडे एकर, इकडे कोयता. बाईचे नाव दोन्हीकडे गायब. कारखाना म्हणतो आमचा संबंध मुकादमाशी, मुकादम म्हणतो माझा संबंध नवऱ्याशी. खाडा पडला तर दंड. तो पडू नये म्हणून गर्भपिशव्या काढून टाकलेल्या बायांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला, समिती बसली, अहवाल आला. साखर शाळा आल्या आणि बऱ्याच कागदावरच राहिल्या. फरक एवढाच की उसाच्या फडातून वर जाणारी शिडी सगळ्यांना सारखी नाही. कोणाचा भाऊबंद कारखान्याच्या संचालक मंडळावर असू शकतो, कोणाच्या नावावर गावी कोरडवाहू का होईना दोन एकर असतात. भूमिहीन मातंग किंवा बौद्ध कुटुंब सहा महिन्यांनी परत येते ते गायरानावरच्या घराकडे, जे अतिक्रमण म्हणून नोंदलेले असते.

हंगाम सुरू झाला की आपले कार्यकर्ते कोप्यांवर वह्या-पेन्सिली वाटायला जातात. जरूर जा. पण यंदा एक जादा काम करा. मुकादमाची वही पाहायला मागा. बाईचे नाव स्वतंत्र ओळीत आहे का, उचल कोणाच्या अंगठ्यावर दिली, मूल कोणत्या शाळेच्या पटावर आहे आणि गावी जमीन किती, हे चार रकाने भरून आणा आणि जातीचा रकाना वगळू नका.